तहकुबीचे दिवस

वैद्यकीय व्यवसायातील कामांची तातडीची आणि पुढे ढकलण्याजोगी अशी वर्गवारी करावयाची झाल्यास वंध्यत्वचिकित्सा कोणत्या रकान्यात पडेल, याचा २०२० च्या मार्चपूर्वी आम्हांपैकी कोणी फारसा विचार केलेला नव्हता. अपत्य नाही म्हणून कोणाचा श्वास कोंडत नाही, रक्तस्राव होत नाही, रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत नाही. आणि ज्या दुःखाला भोंगा नाही त्याला अग्रक्रम देण्याची आणीबाणीतील कोणत्याही शासनाची रीत नाही. ९ मार्च रोजी दुबईहून पुण्यास परतलेल्या एका दांपत्याच्या रूपाने राज्यातील कोरोनाच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली; १७ मार्चला अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने नवे उपचार आरंभू नयेत असा सल्ला प्रसृत केला; युरोपातील आणि आपल्याकडील संस्थांनी त्याच आशयाच्या सूचना दिल्या; आणि २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. अशा स्थितीत पुण्यातील आमच्या लहानशा वंध्यत्वकेंद्राने नवी कामे तहकूब करणे अपरिहार्य होते आणि त्याविषयी माझी तक्रार तेव्हाही नव्हती, आजही नाही. नवा विषाणू कोवळ्या गर्भावर काय परिणाम करतो हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नसताना नवे गर्भ रुजविण्याची घाई करणे अविचाराचे झाले असते.

तथापि दिवाणी न्यायालयातील दावा तहकूब होतो तेव्हा दाव्यातील जमीन जागची हलत नाही; आमच्या दप्तरातील दावे त्या जातीचे नव्हते. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या आणि बीजांडकोशातील शिल्लक उतरणीस लागल्याचे रक्ततपासणीने आधीच सांगून टाकलेल्या स्त्रीला 'तीन महिने थांबा' असे सांगताना आपण तिच्याकडून नेमके काय मागत आहोत याची जाणीव मला होती, आणि तिलाही होती. टाळेबंदीच्या त्या आठवड्यांत घरी बसून मी जे दूरध्वनी घेतले त्यांतून एक गोष्ट प्रथमच स्पष्ट झाली. शहरातल्या पेठा एकामागून एक पत्र्यांनी बंद होत होत्या, साथरोगांच्या नायडू रुग्णालयाचे नाव घरोघरी पोहोचले होते, आणि तरीही आमच्या रुग्णांपैकी 'मला कोरोना झाला तर काय होईल?' असे विचारणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या. 'मॅडम, केंद्र उघडणार कधी?' हा तगादा मात्र प्रत्येकीचा होता. भीती त्यांनाही होती, पण तिचा क्रम निराळा होता. हा क्रम मी त्या वेळी केवळ नोंदवून ठेवला. त्याचा अर्थ पुढे काही महिन्यांनी कळला.

२९ मे रोजी अमेरिकेतील, युरोपातील आणि जागतिक स्तरावरील प्रजननवैद्यकाच्या तीन संस्थांनी संयुक्त निवेदन काढून वंध्यत्व हा रोगच आहे आणि त्यावरील उपचार ही आवश्यक वैद्यकीय सेवा आहे असे जाहीर केले. आपल्याकडील संस्थांनीही उपचार पुन्हा कसे सुरू करावेत याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि जूनच्या सुमारास आम्ही दार उघडले. उघडले म्हणजे काय, तर एका दाराची तीन झाली. पहिल्या दाराशी तापमापक रोखून उभा असलेला रखवालदार, दुसऱ्याशी प्रवासाची आणि लक्षणांची प्रश्नावली, तिसऱ्याशी हातावर पडणारे सॅनिटायझर. या तिसऱ्या दाराने आमच्या भ्रूणतज्ज्ञांची झोप उडविली, कारण बाहेरच्या जगाला जे अमृत वाटत होते ते प्रयोगशाळेच्या आत विष होते. भ्रूण हवेतील बाष्पशील रसायनांना अत्यंत हळवे असतात, म्हणून तर त्या खोलीत अत्तर लावून जाण्यास बंदी असते आणि आत येणारी हवा कोळशाच्या गाळण्यांतून सोडलेली असते. तेथे मद्यार्काचा तो उग्र दर्प घेऊन कोणी शिरणे त्यांना मुळीच खपण्यासारखे नव्हते. अखेर दालनात सॅनिटायझर आणि प्रयोगशाळेत साबणपाणी अशी हद्द आखली गेली.

विषाणूविषयीचे ज्ञान तेव्हा हप्त्याहप्त्याने येत होते, आणि एका हप्त्याने दिलेली भीती दुसरा हप्ता काढून घेत होता. मे महिन्यात चीनमधील एका लहान अभ्यासात ३८ रुग्णांपैकी ६ पुरुषांच्या वीर्यात विषाणूचे अंश सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि आमच्या क्षेत्रात हलकल्लोळ उडाला. पुढील अनेक अभ्यासांना मात्र तसे काही आढळले नाही. स्पेनमध्ये, बीजसंकलनाच्या वेळी लक्षणे नसतानाही बाधित असल्याचे निष्पन्न झालेल्या दोन स्त्रियांची बीजे तपासली गेली, त्यांत विषाणूचा मागमूस नव्हता. बीज सुरक्षित दिसत होते. ते ज्या देहात वाढते तो देह कितपत सुरक्षित, हा खरा प्रश्न होता.

त्याचे कारण उपचाराच्या पद्धतीतच आहे. मासिक पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुमारे दहा-बारा दिवस स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शने दिली जातात; एरवी महिन्याकाठी एक बीज पिकते तेथे अनेक बीजे एकदम पिकू लागतात; रक्तातील इस्ट्रोजेन कित्येक पटींनी वाढते आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती बळावते. नव्या विषाणूचे एक कुलक्षण हेच होते की तोही रक्त गोठवितो. ही दोन्ही कारणे एकाच देहात एकत्र येऊ देणे धोक्याचे, म्हणून नियम असा ठरला की बीजे पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनापूर्वी रुग्ण बाधित निघाल्यास ते आवर्तन रद्द करावे. त्या इंजेक्शनानंतर निघाल्यास प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करावा. आणि कोणत्याही परिस्थितीत भ्रूण लगेच रोपण न करता गोठवून ठेवावेत. वैद्यकीयदृष्ट्या या नियमात बोट ठेवण्यास जागा नव्हती. पण नियमाला दुसरीही एक बाजू असते, आणि ती रुग्णाच्या बटव्यातून दिसते. साठ-सत्तर हजारांची इंजेक्शने टोचून झाल्यावर आवर्तन रद्द झाले, तर ती रक्कम बुडीत खाती जाते; विमा बहुधा या उपचारांना हात लावीत नाही; आणि पुढच्या वेळी तितकीच बीजे येतील असा दाखला कोणी देऊ शकत नाही.

सातारा जिल्ह्यातील एक दांपत्य त्या पावसाळ्यात आमच्याकडे येत असे. जिल्ह्याबाहेर पडण्यास तेव्हा ई-पास लागे, आणि तो परवाना मोबाइलवर घेऊन ती दोघे पहाटेच निघत. उसाचे बिल कारखान्याकडून आले तेव्हा उपचाराचा निर्णय झाला होता, आणि बिलाचा उरलेला भाग घरच्या इतर देण्यांपासून लपवून ठेवलेला होता. इंजेक्शनांचा नववा दिवस. रखवालदाराच्या तापमापकाने हरकत घेतली नाही, प्रश्नावलीतील सारी उत्तरे 'नाही' अशी होती. आमच्या सिस्टरांनी रक्त घेण्यासाठी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरविला आणि सहज म्हणाल्या, ''आज नाक मुरडलं नाहीत ताई? एरवी वासानं तोंड फिरवता.'' बाई गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ''वासच येत नाही परवापासून.''

तपासणी सकारात्मक आली. मी त्यांना दूरध्वनी केला तेव्हा त्या म्हणाल्या, ''मॅडम, ताप चार दिवस होता. निघताना डोलो घेऊन निघायची. सांगितलं असतं तर सायकल गेली असती की हो.'' त्यांच्या स्वरात अपराधाचा भाव होता असे मला वाटले नाही. हिशेब मांडणाऱ्या माणसाचा तो स्वर होता, आणि हिशेब चुकीचाही नव्हता. सांगितले तर नुकसान निश्चित, न सांगितले तर कदाचित निभावून जाईल. या दोन पर्यायांत शहाणे माणूस काय निवडील? टाळेबंदीत नोंदवून ठेवलेल्या भीतीच्या त्या क्रमाचा अर्थ मला येथे कळला. आम्ही इंजेक्शने थांबविली, बीजांडकोशाची सूज आणि रक्तातील गुठळ्या होण्याची शक्यता यांवर नजर ठेवली, रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली. पंधरवड्याने त्या बऱ्या झाल्या. आजार सौम्यच निघाला, पण तो सौम्य निघेल असे त्या नवव्या दिवशी कोणी लिहून देऊ शकले नसते. आणि त्या खोलीत त्यांच्याबरोबर सोनोग्राफीसाठी ताटकळत बसलेल्या इतर स्त्रियांनीही तसे कोणाकडून लिहून घेतलेले नव्हते.

रुग्ण खोटे बोलतात हा वैद्यांचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे. मधुमेही मिठाईविषयी बोलत नाही, हृदयरोगी तंबाखूविषयी. तथापि तेथे लपविण्याच्या मुळाशी संकोच असतो, आणि तो संकोच वैद्याच्या उपदेशाने कधीकधी दूर होतो. आमच्या रुग्णांनी ताप लपविला तो संकोचाने नव्हे. आम्ही तयार केलेल्या व्यवस्थेत सत्याला दंड होता आणि मौनाला मुभा होती, म्हणून. या व्यवस्थेत कितीही अचूक तापमापक बसविला आणि प्रश्नावलीत कितीही कलमे वाढविली, तरी माहिती येणार नव्हती, कारण माहिती देणाऱ्याचे हित ती न देण्यात होते. आरटी-पीसीआर चाचणीचा दर सरकारने जूनमध्ये २,२०० रुपयांवर आणला होता. ती दर दोन दिवसांनी करणे कोणाला परवडणार? मधल्या दिवसांत साथीची खबर देणारे एकच साधन आमच्याजवळ होते, आणि ते म्हणजे रुग्णाचे तोंड.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याविषयी एक बैठक बोलाविली. हिशेबनीसांचा चेहरा त्या बैठकीत जसजसा उतरत गेला तसतशी मला निर्णयाची खात्री पटत गेली. संसर्गामुळे रद्द झालेल्या आवर्तनाचे केंद्राचे शुल्क पुढील आवर्तनात पूर्ण वजा करावयाचे. न वापरलेली इंजेक्शने शीतपेटीत रुग्णाच्या नावे जमा ठेवावयाची आणि मुदत संपण्यापूर्वी ती दुसऱ्या कोणाला देऊन त्यांची भरपाई करावयाची. आणि स्वतःहून लक्षण कळविणाऱ्याला पुढच्या यादीत पहिली तारीख द्यावयाची. मसुदा दोन ओळींचा होता. तो दालनात लावला, शिवाय प्रत्येक दांपत्याला तोंडी सांगितला, कारण भिंतीवरचे कागद वाचण्याची सवय आपल्याकडे फक्त उमेदवारांना असते. पुढील काही आठवड्यांत दूरध्वनी येऊ लागले. 'घशात खवखवतंय, येऊ की नको?' 'ह्यांच्या ऑफिसात एकाला निघाला आहे.' 'सासूबाईंना कालपासून कणकण आहे, पण मला काही नाही.' यांपैकी बहुतेक खबरी निरर्थक ठरल्या, आणि त्या निरर्थक ठरल्या तरी मला त्यांचे मोल वाटले.

या काळात पुरुषांच्या बाबतीत जे घडले तेही सांगण्याजोगे आहे. आपल्या समाजात मूल न होण्याचा सारा दोष परंपरेने स्त्रीच्या पदरात टाकलेला, आणि वंध्यत्वकेंद्रात येणारा पती बहुधा सोबत करणाऱ्याच्या भूमिकेत असतो. पैसे भरतो, गाडी लावतो, आणि बाहेर बाकावर वर्तमानपत्र उलगडतो. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि ज्वराचा तडाखा बसला की त्या काळातील उत्पादनाची संख्या व गती दोन्ही घसरतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात पूर्वीपासूनच होती. पण २०२० च्या हिवाळ्यात, बरे होऊन आलेल्या पुरुषांचे अहवाल पाहून मला कितीतरी पतींना सांगावे लागले की पत्नीची सिद्धता पूर्ण आहे, थांबावयाचे आहे ते तुमच्यासाठी; तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्या. ते ऐकून गृहस्थांची मान खाली जाई आणि शेजारी बसलेल्या पत्नीच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटे त्याला मी आनंद म्हणणार नाही. परंतु कित्येक वर्षांनंतर कैफियत दुसऱ्या पक्षाकडून मागितली जात आहे, एवढा दिलासा त्यात निश्चित होता. एका सासूबाईंनी मला विचारले, ''म्हणजे आमच्या मुलामुळे थांबलंय?'' मी हो म्हटले. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, ''चहा घेऊन येऊ का गं तुझ्यासाठी?'' पुढे काही अभ्यासांतही हेच दिसले की पुरुषाला नुकताच संसर्ग होऊन गेला असेल तर काही काळ गर्भधारणेची शक्यता उणावते आणि मग ती पूर्ववत होते.

दुसरा बदल संमतिपत्राच्या बाबतीत झाला. भ्रूण गोठविण्यापूर्वी पतीपत्नींकडून जो दस्तऐवज भरून घेतला जातो त्यात, दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास भ्रूणांचे काय करावे, असे एक कलम असते. साथीपूर्वी हे कलम लोक वाचीत नसत. जेथे बोट ठेवावे तेथे सही करीत. २०२१ च्या एप्रिलात, शहरातील स्मशाने रात्रंदिवस धगधगत असताना, तेच कलम स्वागतकक्षातील आमच्या मुलीची डोकेदुखी होऊन बसले. पूर्वी पाच मिनिटांत संपणाऱ्या सह्यांना अर्धा अर्धा तास लागू लागला. एका गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वीचे आपले पत्र कपाटातून काढावयास लावून 'नष्ट करावेत' हे उत्तर खोडले आणि 'पत्नीच्या स्वाधीन करावेत' असे लिहिले. पत्नीने मात्र आपल्या रकान्यात काहीही बदल केला नाही, आणि दोघांनीही त्याविषयी एकमेकांना काही विचारले नाही. त्याच वर्षी जुलैत वडोदऱ्यातील एका अत्यवस्थ कोरोनाबाधित रुग्णाचे वीर्य जतन करण्याची अनुमती त्याच्या पत्नीने गुजरात उच्च न्यायालयाकडून मिळविली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला, ही वार्ता आमच्या बाकांवर कित्येक दिवस चर्चिली जात होती.

दुसरी लाट आली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेवर एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. गोठविलेले भ्रूण द्रव नायट्रोजनात उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेले असतात, आणि टाकीतील द्रव हळूहळू उडून जात असल्याने तो वेळोवेळी भरावा लागतो. त्या एप्रिलात देशभर प्राणवायूसाठी हाहाकार माजला. सरकारने नायट्रोजनाचे कारखाने प्राणवायूकडे वळविले आणि नायट्रोजन वाहणारे टँकरही त्याच कामी लावले. ते योग्यच होते. आमचे भ्रूणतज्ज्ञ रोज सकाळी टाकीत लाकडी पट्टी बुडवून पातळी मोजीत, आकडा वहीत लिहीत आणि पुरवठादाराला दूरध्वनी करीत. पुरवठा उशिरा का होईना येत राहिला. 'मागतो तरी कोणत्या तोंडानं?' असे ते एकदा मला म्हणाले. ज्यांना एक श्वास हवा होता त्यांच्या पंक्तीत, अद्याप श्वास न घेतलेल्यांसाठी पात्र पुढे करण्याची ती भीड होती, आणि तिला उत्तर माझ्यापाशीही नव्हते.

लशीचा पेच याच सुमाराचा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. लस आमच्याच शहरातील सिरम संस्थेत तयार होत होती, आणि तरीही तिच्यामुळे वंध्यत्व येते ही अफवा आमच्या दालनात लशीच्या आधी येऊन पोहोचली. अफवेपेक्षा नियमाचा पेच अधिक अवघड होता. गर्भवतींना लस देण्यास केंद्र सरकारने २ जुलै २०२१ पर्यंत मान्यता दिलेली नव्हती. १८ ते ४४ या वयोगटासाठी लसीकरण १ मे रोजी खुले झाले, आणि साठ्याअभावी आपल्या राज्यात ते मेच्या मध्यालाच स्थगित करावे लागले. म्हणजे त्या वसंतात भ्रूण हाती असलेल्या स्त्रीपुढे दोनच मार्ग होते. रोपण करून घ्यावे तर लाटेच्या भरात लशीवाचून गरोदर राहावयाचे. लशीसाठी थांबावे तर ती मिळेल केव्हा हे कोणाला ठाऊक नाही. आम्ही त्या काळात रोपणे थांबविली. भ्रूणाला वय नसते, गोठलेल्या अवस्थेत तो वर्षभराने म्हातारा होत नाही, हे एवढे एकच समाधान स्त्रियांना देता येत होते, आणि या एका बाबतीत तहकुबी निरुपद्रवी होती.

थांबण्याचा तो निर्णय बरोबर होता हे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ठेवल्या गेलेल्या नोंदींवरून दिसून आले. गर्भवती आणि प्रसूत स्त्रियांत लक्षणे दिसणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या लाटेत १४.२ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत २८.७ टक्क्यांवर गेले आणि मृत्यूही वाढले. आकडे जून महिन्यात जाहीर झाले. आम्हांला ते मे महिन्यातच माणसांच्या रूपात भेटले होते. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर आमच्याकडे उपचार घेऊन गरोदर राहिलेली एक शिक्षिका सातव्या महिन्यात बाधित झाली. तिच्या यजमानांनी खाटेसाठी रात्रभर शहर पालथे घातले. तिला कृत्रिम श्वासावर ठेवून शस्त्रक्रियेने मुलगी जन्मास आली, ती अपुऱ्या दिवसांची. दोघी वाचल्या. पण ती बाई मला नंतर म्हणाली, ''मॅडम, ताप आला त्याच रात्री तुम्हांला फोन केला होता. तुमच्याकडे तापाचं सांगायची सवयच लागली होती.'' त्या पहिल्या रात्रीच तपासणी झाली, प्राणवायूची पातळी घरी मोजली जाऊ लागली आणि ती घसरू लागताच खाटेचा शोध सुरू झाला. दोन दिवसांचा विलंब झाला असता तर काय घडले असते, याचा अंदाज करण्यास त्या महिन्यातील वर्तमानपत्रे पुरेशी आहेत.

साथ ओसरली. २५ जानेवारी २०२२ पासून सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा अमलात आला आणि त्याने स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ वर्षांची वयोमर्यादा घातली. साथीत थांबलेल्या काही दांपत्यांची मुदत या मर्यादेने संपविली. त्यांचा ताप कोणत्याही तापमापकाला दिसला नव्हता, आणि त्यांच्या हानीची नोंद साथीच्या कोणत्याही तक्त्यात नाही. 'पुढे ढकलण्याजोगे' या रकान्याविषयीचा माझा आक्षेप एवढाच आहे की ढकलण्याची किंमत कोणाच्या खाती पडते हे त्यात लिहावयास जागा नसते.

दालनातील तो दोन ओळींचा कागद आम्ही उतरविला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण आढळू लागले, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. हा विषाणू गर्भाच्या मेंदूस इजा करतो आणि वीर्यात दीर्घकाळ टिकतो, म्हणून बाधित पुरुषाने तीन महिने गर्भधारणा टाळावी असा दंडक आहे. तीन महिन्यांची ती तहकुबी आमच्या रुग्णांना पुन्हा भोवणार होती. तरीही अंगावर पुरळ आले, ताप आला, शेजारच्या सोसायटीत रुग्ण निघाला, असे कळविणारे दूरध्वनी आपण होऊन येत गेले, आणि त्यांत पुरुषांचेही होते. पुढील साथ कोणत्या विषाणूची असेल हे सांगणे माझे काम नाही. पण ती आली तर, ताप सांगणाऱ्याच्या पदरी दंड पडणार नाही, हे कलम पहिल्याच परिपत्रकात लिहिले गेले पाहिजे, आणि ते तापमापकांची खरेदी होण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजे.